चार पौंडांचा जादूगार

इंग्लंडमधील एखादा फुटबॉलपटू आठवड्याला काही लाख पौंड कमावतो, ही बातमी वाचून आज कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. पण १९०१ पासून तब्बल साठ वर्षे तेथील खेळाडूच्या वेतनाला कायद्यासारखी कडक मर्यादा होती. सुरुवातीला ती आठवड्याला चार पौंड होती. ज्याचा खेळ पाहण्यासाठी हजारोंनी तिकिटे खपत, त्यालाही चारच. हा अन्याय निमूट न सोसणारा पहिला मोठा खेळाडू म्हणजे वेल्सचा बिली मेरेडिथ.

विल्यम मेरेडिथ याचा जन्म ३० जुलै १८७४ रोजी उत्तर वेल्समधील चर्क गावाजवळ, ब्लॅक पार्क येथे झाला. खाणकामगारांची ही वस्ती. बाराव्या वर्षी बिलीही कोळशाच्या खाणीत उतरला. शनिवारी दुपारी तो गावच्या संघातून खेळे. पुढे नॉर्थविच व्हिक्टोरिया या दुसऱ्या श्रेणीतील दुबळ्या क्लबकडे काही सामने खेळला. त्या मोसमात हा क्लब तळाला राहिला, पण या सडपातळ पोराकडे मँचेस्टरचे लक्ष गेले.

१८९४ साली मँचेस्टर सिटीने त्याला घेतले तेव्हा सिटीही दुसऱ्या श्रेणीतच होती. धर्मनिष्ठ घरात खेळासाठी पैसे घेणे रुचणारे नव्हते. आईचा तर विरोधच होता. त्यामुळे आरंभी तो खाणीतली नोकरी सांभाळून सामन्यापुरता रेल्वेने येत असे. पहिला सामना न्यूकॅसल युनायटेडविरुद्ध झाला. सिटी ४-५ अशी हरली. पुढच्याच आठवड्यात घरच्या मैदानावर न्यूटन हीथशी, म्हणजे भावी मँचेस्टर युनायटेडशी गाठ पडली. त्यात सिटीला २-५ असा मार बसला. सिटीचे ते दोन्ही गोल मात्र मेरेडिथचे होते.

उजव्या कडेने चेंडू पायाशी बांधल्यासारखा घेऊन जायचे, बचाव करणाऱ्याला हुलकावणी द्यायची आणि मध्यभागी अचूक पास टाकायचा, ही त्याची रीत. खेळताना दातांत काडी असे. धुळीने घसा कोरडा पडू नये म्हणून खाणकामगार तंबाखू चघळत. त्या सवयीची जागा या काडीने घेतली, असे सांगतात. व्यंगचित्रकारांना तर तिने आयतेच खाद्य पुरवले. सिटी १८९९ मध्ये पहिल्या श्रेणीत गेली, १९०२ मध्ये घसरली आणि वर्षभरात परतली. या चढउतारांत तो संघासोबतच होता. १९०४ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात बोल्टनविरुद्धचा एकमेव गोल त्याच कर्णधाराने केला.

वर्षभरातच घात झाला. ॲस्टन व्हिलाच्या एका खेळाडूला सामना सोडण्यासाठी दहा पौंड देऊ केल्याचा आरोप मेरेडिथवर आला आणि त्याच्यावर बंदी घालण्यात आली. तो स्वतःला निर्दोष म्हणवत राहिला. क्लब आपली आर्थिक काळजी घेईल ही त्याची अपेक्षा फोल ठरली, तेव्हा त्याने सारे उघड केले. मर्यादा चार पौंडांची असताना सिटी आपल्याला सहा पौंड देत होती, हे त्यानेच सांगितले. चौकशीनंतर १९०६ मध्ये सतरा खेळाडू निलंबित झाले आणि सिटीचा तो सुंदर संघ फुटला. सहकाऱ्यांना बुडवणाऱ्या या कृतीमागे सूड नव्हता, असे म्हणणे कठीण आहे. पण प्रत्येक क्लब चोरून करीत असलेली गोष्ट एकाने चारचौघांत बोलून दाखवली, हेही खरेच.

मेरेडिथ शेजारच्या युनायटेडकडे गेला. तेथे दोन लीग विजेतेपदे आणि १९०९ चा एफए कप त्याच्या वाट्याला आला. पण या काळातील त्याचे मोठे काम मैदानाबाहेरचे आहे. २ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात खेळाडूंची संघटना स्थापन झाली, त्या सभेचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते. १९०९ मध्ये फुटबॉल असोसिएशनने संघटना सोडण्याचे फर्मान काढले. इतर क्लबांतील बहुतेकांनी मान तुकवली. युनायटेडचे खेळाडू हटले नाहीत. निलंबित अवस्थेत त्यांनी स्वतःला ‘बहिष्कृत’ असे नाव घेऊन छायाचित्रही काढून घेतले! अखेर संघटनेला मान्यता मिळाली, पण वेतनमर्यादा कायम राहिली. खाणीत संपाचे वारे पाहिलेल्या मेरेडिथला ही तडजोड झोंबली.

वेल्ससाठी तो ४८ सामने खेळला. १९०७ मध्ये वेल्सने ब्रिटिश अजिंक्यपद प्रथमच जिंकले, त्यात तो होता. १९२० मध्ये त्याच्या शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात वेल्सने इंग्लंडला २-१ असे हरवले. तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता. पुढे सिटीकडे परतून १९२४ मध्ये, पन्नाशीला काही महिने उरले असताना, तो एफए कपचा उपांत्य सामना खेळला. समोर पुन्हा न्यूकॅसलच होते आणि निकालही पुन्हा पराभवाचाच.

१९ एप्रिल १९५८ रोजी मँचेस्टरमध्ये त्याचे निधन झाले. म्युनिचच्या विमान अपघाताला तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. युनायटेडच्या तरुण खेळाडूंच्या शोकात बुडालेल्या शहरात या म्हाताऱ्याचे जाणे फारसे कोणाला जाणवले नाही. वेतनमर्यादा उठली ती १९६१ मध्ये, त्याच संघटनेच्या रेट्याने. सदर्न सेमेटरीतील त्याच्या उपेक्षित थडग्यावर नवी स्मृतिशिला बसवण्याचे ठरले ते २००१ साली. तिचा खर्च खेळाडूंची संघटना, वेल्सची फुटबॉल असोसिएशन आणि मँचेस्टरचे दोन्ही क्लब यांनी मिळून उचलला.