पंडिता रमाबाई आणि दुष्काळाचे दिवस

पंडिता रमाबाईंचें नांव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेलें असेल. त्यांची संस्कृत विद्या, १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस दिलेली सरस्वती ही पदवी, त्यांचा इंग्लंड-अमेरिकेचा प्रवास, या गोष्टी पुष्कळांस ठाऊक आहेत. त्या सर्व बाजूस ठेवून, भुकेशीं त्यांचें जें नातें जडलें, त्याविषयींच आम्ही येथें चार शब्द लिहिणार आहों.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं सह्याद्रींतील गंगामूळ येथें झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. परंतु त्यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें, हाच लोकांच्या दृष्टीनें त्यांचा अपराध! पुढें हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगत हिंडूं लागलें. मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि उरेल तें दानधर्मांत खर्चावें, असा त्यांचा क्रम होता. मग दक्षिणेंत दुष्काळ पडला. हातचा पैसा संपला. दागिने, भांडीं, चांगलीं वस्त्रें हीं एकामागून एक विकलीं गेलीं. मोलमजुरी करण्याची संवय नव्हती आणि भीक मागणें कुळास कमीपणा आणणारें वाटे. शेवटीं हीं माणसें तिरुपतीच्या रानांत शिरलीं. तेथें अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनीं काढले. अनंतशास्त्री तेव्हां वृद्ध व अंध झाले होते. तेथून बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनीं देह ठेविला.

यानंतर रायचुरास जें घडलें, तें रमाबाईंनीं आपल्या आठवणींत नमूद करून ठेविलें आहे. आई लक्ष्मीबाई तापानें अंथरुणास खिळल्या होत्या आणि भ्रमांत खावयास मागत होत्या. घरांत कांहीं नव्हतें. रमाबाई तेव्हां सोळा-सतरा वर्षांच्या. हजारों श्लोक मुखोद्गत असलेली ही मुलगी शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारांत जाऊन उभी राहिली. पण तोंडांतून शब्द फुटेना. डोळ्यांतलें पाणी आवरतां आवरेना. त्या बाईनें होऊन काय पाहिजे म्हणून विचारलें, तेव्हां कोठें बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा तिनें मागितला. बाईनें तो मायेनें दिला. आभाराचा शब्दही न बोलतां मुलगी धांवत आईकडे गेली. परंतु आईस तो गिळवेना. थोड्याच दिवसांत लक्ष्मीबाई वारल्या. मागून थोरली बहीणही गेली.

त्या शेजारणीचें नांव कोठें लिहिलेलें नाहीं. तिच्या घरीं तरी त्या वर्षीं धान्याच्या कणगी भरलेल्या असतील असें आम्हांस वाटत नाहीं. तिनें काय दिलें यापेक्षां तिनें आधीं विचारलें, हेंच आम्हांस अधिक मोलाचें वाटतें; कारण ती न विचारती, तर रमाबाई बहुधा तशाच परतल्या असत्या.

पुढें रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवास हीं दोघें पायींच उत्तरेकडे गेलीं. भिजविलेलें मूठभर धान्य मिठाशीं खावें, पंजाबांत झेलमच्या कांठीं थंडी असह्य झाली तर वाळूंत खड्डा करून गळ्यापर्यंत अंगावर वाळू ओढावी, अशा हालांत त्यांनीं दिवस काढले. बंधु १८८० सालीं वारले. त्याच वर्षीं रमाबाईंचा विवाह झाला, आणि १८८२ सालीं पतीही पटकीनें गेले. १८८३ सालीं इंग्लंडांत रमाबाईंनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें व दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास नेलें. धर्मांतरावरून पुण्यांत मोठें वादळ उठलें. तो वाद येथें उकरून काढण्याची आमची इच्छा नाहीं.

१८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. वर्तमानपत्रांतील हकीकती वाचून वर्गणी धाडणारे पुष्कळ होते. रमाबाई स्वतः निघाल्या. सरकारी अन्नछत्रें व खडी फोडण्याचीं कामें चालू होतीं. परंतु तेथेंही मुलींना अन्नाचा लोभ दाखवून फसविणारीं माणसें टपलेलीं त्यांस दिसलीं. जी मुलगी मागावयास येत नाहीं, ती कोणत्या झाडाखालीं निजली आहे हें त्या शोधीत फिरल्या. असें हिंडून सुमारें तीनशें मुली व तरुण विधवा त्यांनीं जमविल्या. अंगावर फोड, केंसांच्या जटा, हातापायांच्या काड्या! कित्येकींना तर या दयेचीच भीति वाटे. आपल्याला खाऊं घालून लठ्ठ करतील आणि मग उलटें टांगून आपलें तेल काढतील, अशी समजूत त्यांच्यांत पसरली होती. ती एका दिवसांत जाण्यासारखी नव्हती. रोज ताटांत अन्न पडूं लागलें, तशी हळूहळू गेली.

पुण्यांत तेव्हां प्लेगामुळें एवढ्या मुली शहरांत ठेवण्यास मनाई झाली. केडगांवास रमाबाईंनीं शेतीसाठीं जमीन घेऊन ठेविली होती. तेथें गवताच्या झोंपड्या व तंबू उभारून त्यांनीं या मुलींची सोय लाविली. येथेंच १८९८ सालीं मुक्तिसदन उघडलें. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळाचा कहर झाला, तेव्हां रमाबाईंनीं आपल्या हाताखालच्या बायका तिकडे मुली शोधावयास पाठविल्या. केडगांवांतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. दोन हजार माणसांचें दोन वेळचें जेवण म्हणजे काय, हें घरांत चार पाहुणे आले असतां धान्याच्या डब्याकडे पाहणाऱ्या गृहिणींस आम्हीं सांगावयास नको. मुली शेतांत राबत, दळत, विणीत, छापखान्यांत खिळे जुळवीत. आंधळ्या मुली टोपल्या करीत.

बायबलाचें सोपें मराठी भाषांतर हें रमाबाईंचें अखेरचें मोठें काम. कन्या मनोरमाबाई १९२१ सालीं गेल्या. पुढल्या वर्षीं, ५ एप्रिल १९२२ रोजीं, केडगांवासच रमाबाईंनीं देह ठेविला. मुक्तीच्या स्वयंपाकघरांत त्या दिवशींही चुली पेटवाव्याच लागल्या असतील. लेंकरें जेवावयाचीं होतीं.