परभाषेच्या वाटेने : डॉ. आनंदीबाई जोशी

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. ते बिजवर असून वयाने पत्नीपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीने शिकलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. त्या काळी बायकोने पुस्तक हाती घेतले म्हणून पती रागावत. येथे ती पुस्तक सोडून स्वयंपाकघरात रमली, तर गोपाळराव संतापत आणि प्रसंगी हातही उगारीत. हेतू कितीही उदात्त असला, तरी ही रीत क्रूरच म्हटली पाहिजे. परंतु पुढे तीच विद्या आनंदीबाईंची स्वतःची झाली.

त्यामागे एक दुःख होते. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि योग्य वैद्यकीय मदत न मिळाल्याने तो दहा दिवसांतच दगावला. परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रिया त्यांनी घरोघर पाहिल्या होत्या. स्त्रियांवर उपचार करण्यासाठी स्त्री डॉक्टर हवी, हे त्यांना पटले. आपणच ती व्हावे, असा निश्चय त्यांनी केला. मात्र हिंदुस्थानात स्त्रियांना हे शिक्षण मिळवणे तेव्हा अत्यंत दुर्घट होते. ज्ञान परदेशात होते आणि तेही इंग्रजी भाषेत.

गोपाळरावांची बदली होईल तेथे आनंदीबाईंचे शिक्षण चाले. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज, कलकत्ता, श्रीरामपूर असा तो प्रवास होता. पत्नीच्या शिक्षणाविषयी गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र अमेरिकेतील नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने ते १८८० साली दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना वाचले आणि आनंदीबाईंना पत्र पाठवले. दोघींमध्ये पत्रव्यवहार सुरू झाला. एकमेकींना न पाहताच नाते जडले आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

या नात्यासाठी इंग्रजीत शब्द आहे तो ‘आंट’. मावशी, आत्या, काकू, मामी या चौघी त्या एकाच शब्दात नांदतात. आईच्या बहिणीची माया मराठीतील ‘मावशी’ला आपोआप येते; ‘आंट’ला ती पत्रातील मजकुरातून द्यावी लागते. तीच गोष्ट ‘यू’ची. तू, तुम्ही आणि आपण यांतील अंतर हा शब्द पुसून टाकतो. ज्यांच्या घरात मराठी, बाजारात हिंदी वा छत्तीसगढी आणि कारखान्याच्या फलकावर इंग्रजी, अशा भिलाईतील वाचकाला शब्दांची ही ओढाताण परकी वाटणार नाही.

परदेशगमनाच्या बातमीने लोकांत खळबळ उडाली. तेव्हा आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात भाषण केले. तेही इंग्रजीत, कारण बंगालमधील त्या श्रोत्यांना मराठी कळणार नव्हती. आपण अमेरिकेस का जातो हे त्यांनी सांगितले आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही दिली. त्यानंतर ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या व ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. मावशी स्वागताला आल्या होत्या. आनंदीबाई तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या आणि पती सोबत नव्हता.

फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी अर्ज केला. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करीत नाही, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले. परंतु आपला हेतू विचारात घ्यावा, अशी विनंती केली. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही मिळाली.

वैद्यकाचे इंग्रजी पत्रांतील इंग्रजीहून निराळे असते. त्यातील कितीतरी शब्द ग्रीक व लॅटिन भाषांतून आलेले असल्याने त्यांचे लेखन एक आणि उच्चार दुसरा. ‘न्यूमोनिया’च्या आरंभी ‘पी’ लिहावा, पण म्हणू नये. ‘मसल’मध्ये ‘सी’ असतो, तो ऐकू येत नाही. ‘पेशंट’ म्हणजे रुग्ण आणि ‘पेशंट’ म्हणजे सहनशीलही. दोहोंचे मूळ सोसणे हेच आहे. ज्या स्त्रियांसाठी आनंदीबाई शिकत होत्या, त्या दोन्ही अर्थांनी पेशंट होत्या. ‘डॉक्टर’ या शब्दाचा मूळ अर्थ तर शिकवणारा असा आहे. प्रसूतिशास्त्राला म्हणतात ‘ऑब्स्टेट्रिक्स’. उच्चारताना जीभ अडखळावी असा हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ मात्र आपल्या ओळखीचा आहे : सुईण, म्हणजे बाळंतिणीसमोर उभी राहणारी.

याच शास्त्रावर आनंदीबाईंनी प्रबंध लिहिला. हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा त्याचा विषय. संस्कृत ग्रंथांतील माहिती त्यांनी अमेरिकन परीक्षकांसमोर इंग्रजीत मांडली. आजवर परभाषेतून घेणाऱ्या विद्यार्थिनीने येथे आपल्याकडचे काही दिले.

थंडी, अपुरा आहार आणि खोलीतील शेकोटीचा धूर यांनी त्यांची प्रकृती खालावत गेली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभाग त्यांच्याकडे सोपवण्याचे ठरवले.

परंतु क्षयाने त्यांना गाठले होते. बोली इंग्रजीत या रोगाला तेव्हा ‘कन्झम्प्शन’ म्हणत, म्हणजे खाऊन संपवणे. डॉक्टरांचा शब्द होता ‘थायसिस’. तो लिहिताना आरंभी पी, एच, टी, एच अशी चार अक्षरे येतात आणि पहिली दोन मुकी राहतात. आपला ‘क्षय’ही झिजणेच सांगतो. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या. कोल्हापूरला रुजू होणे त्यांच्या नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण होण्यास महिनाभर अवकाश होता.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेला पाठवल्या. मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पुकिप्सी येथे, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या.