हिशेब खात्यातले रामन

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या एका हुशार मुलाने इंग्लंडला जाऊन शिकावे, असे त्याच्या प्राध्यापकांना वाटत होते. सिव्हिल सर्जनने त्याला तपासले आणि ही नाजूक प्रकृती तिकडच्या हवेत टिकणार नाही, असा निकाल दिला. चंद्रशेखर वेंकट रामन यांची परदेशी शिक्षणाची वाट तिथेच बंद झाली.

त्या काळी नुसत्या विज्ञानावर पोट भरणे अवघडच. 1907 मध्ये ते सरकारी वित्त खात्याची परीक्षा देऊन कलकत्त्यात रुजू झाले. दिवसभर कचेरीतले हिशेब आणि सकाळ-संध्याकाळ प्रयोग. प्रयोगांना जागा दिली ती इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेने. ती 1876 मध्ये महेंद्रलाल सरकार या डॉक्टरने स्थापन केली होती. एका डॉक्टरने अडवलेल्या मुलासाठी दुसऱ्याने आधीच दार उघडून ठेवले होते म्हणायचे!

मध्येच बदली झाली, आधी रंगूनला आणि 1910 मध्ये नागपूरला. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते आणि वऱ्हाडाचा कारभार नागपुरातूनच चाले. नागपूरचा मुक्काम वर्षभराचाही नव्हता. पुन्हा कलकत्ता, आणि 1917 मध्ये मोठ्या पगाराची नोकरी सोडून कमी पगारावर प्राध्यापकी.

1921 मध्ये ते इंग्लंडला जाऊन धडधाकट परत आले. परतीच्या बोटीवर भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना विचारात पाडले. त्या शोधाचा शेवट 28 फेब्रुवारी 1928 रोजी झाला. प्रकाश रेणूंवर आदळून विखुरतो तेव्हा बहुतेक सगळा मूळ रंगातच राहतो. पण साधारण कोटीतला एखादा प्रकाशकण रेणूच्या थरथरीशी ऊर्जेची देवाणघेवाण करतो आणि किंचित रंग बदलून बाहेर पडतो. प्रत्येक रेणूची थरथर वेगळी, म्हणून या बदललेल्या रंगांवरून रेणू ओळखता येतो. या कामात के. एस. कृष्णन यांचा वाटा मोठा होता. 1930 चे नोबेल मात्र एकट्या रामन यांना मिळाले.

हा प्रकाश इतका क्षीण की पाऱ्याच्या दिव्यावर त्याची छायाचित्रे घ्यायला तासन् तास लागत. 1960 मध्ये लेझर आला आणि चित्र पालटले. टीएनटी आणि आरडीएक्स या दोन्ही स्फोटकांच्या रेणूंत नायट्रो गट असतात, म्हणजे एक नायट्रोजन आणि त्याला जोडलेले दोन ऑक्सिजन. त्यांच्या थरथरीची रेषा वर्णपटात ठळक दिसते. लांबून लेझर टाकायचा, परतलेला प्रकाश दुर्बिणीने गोळा करायचा, आणि संशयित पुडीला हातही लावायचा नाही. बॉम्बशोधक पथकातल्या जवानाला याचे मोल सांगावे लागत नाही.

अडचणी आहेतच. अंतर दुप्पट झाले की परतणारा प्रकाश चौथाईवर येतो. कापड किंवा रंग स्वतःच चमकू लागले की खूण बुडून जाते. लेझरची शक्ती वाढवावी तर जवळून जाणाऱ्याच्या डोळ्याचा पडदा जळायची भीती. म्हणून आधी संगणकावर गणित मांडतात: रेणूच्या रेषा कुठे येतील, किती अंतरावरून किती प्रकाश परतेल, कोणत्या रंगाचा लेझर बरा. धोकादायक पदार्थ हाताळण्याआधीच बराचसा अंदाज येतो. पुण्याची एचईएमआरएल आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून केलेले, दुरून स्फोटके ओळखणारे ‘रायडर-एक्स’ हे उपकरण 2020 मध्ये पुण्यात दाखवण्यात आले. या बंगळुरूच्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक रामनच, 1933 पासून.

तरी गैरसमज नको. 1 मे 2019 रोजी गडचिरोलीत भूसुरुंगाने 15 पोलीस आणि त्यांच्या वाहनचालकाचा जीव घेतला. तसा मातीखाली पुरलेला सुरुंग लेझरच्या प्रकाशाला दिसत नाही. पृष्ठभागावर सांडलेले कण किंवा प्रकाश आरपार जाऊ देणाऱ्या वेष्टनातला पदार्थ, एवढीच त्याची धाव. औषध कारखान्यांत मात्र हेच तंत्र हातात मावणाऱ्या यंत्राच्या रूपाने रोज वापरले जाते. पिशवी न फोडता आतला कच्चा माल खरा की भेसळीचा, हे कळते.

रामन यांनी यातले फारसे पाहिले नाही. ऑक्टोबर 1970 च्या अखेरीस ते बंगळुरूला स्वतःच्या प्रयोगशाळेत कोसळले. डॉक्टरांनी चारच तासांची मुदत सांगितली. ते त्यानंतर कित्येक दिवस जगले, रुग्णालयाऐवजी आपल्या संस्थेच्या बागेत राहण्याचा आग्रह धरून. 21 नोव्हेंबरला ते गेले, वयाच्या 82 व्या वर्षी.