रिचर्ड कॉब्डेन : युद्धाच्या कारणांची झडती

रिचर्ड कॉब्डेन (१८०४–१८६५) यांचे नाव खुल्या व्यापाराच्या चळवळीशी कायमचे जोडले गेले आहे. ससेक्समधील एका शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले कॉब्डेन मँचेस्टरला छापील सुती कापडाच्या धंद्यात नावारूपाला आले, १८४१ साली पार्लमेंटचे सभासद झाले आणि १८४६ मध्ये धान्यकायदे रद्द करविण्यात अग्रभागी राहिले. त्यांच्या कार्याची दुसरी बाजू मात्र हिंदुस्थानच्या इतिहासाशी निगडित असूनही उपेक्षित राहिली.

१८५२ च्या ब्रह्मी युद्धाविषयी १८५३ साली त्यांनी एक पुस्तिका लिहिली. सरकारने स्वतः पार्लमेंटपुढे ठेवलेला पत्रव्यवहार हाच त्यांचा आधार होता. रंगूनच्या सुभेदाराने दोन ब्रिटिश कप्तानांकडून दंड उकळल्याची तक्रार होती. मागणीची रक्कम दहा हजार रुपयांच्याही आत होती. ब्रह्मी राजाने सुभेदार बदलला. तरीही नव्या सुभेदाराने आपल्या अधिकाऱ्यांना भेट नाकारली, या निमित्ताने कमोडोर लॅम्बर्ट यांनी राजाचे जहाज पकडले. पुढे डलहौसी यांनी दहा लाखांची मागणी केली आणि वर्षअखेर पेगू प्रांत खालसा झाला. या युद्धाचा खर्च तर हिंदी रयतेच्या माथी बसला, हे कॉब्डेन यांनी स्पष्टपणे दाखवून दिले.

१८५६ मध्ये कँटन येथे ‘ॲरो’ जहाजावर चिनी अधिकारी चढले, त्यापूर्वीच त्या जहाजाच्या ब्रिटिश परवान्याची मुदत संपली होती. हाँगकाँगचे गव्हर्नर बाउरिंग यांना हे ठाऊक होते, पण चिनी अधिकाऱ्यांपासून त्यांनी ते दडवून ठेवले. बाउरिंग हे कॉब्डेन यांचे जुने स्नेही. तरीही मार्च १८५७ मध्ये कॉब्डेन यांचा निषेधाचा ठराव २६३ विरुद्ध २४७ मतांनी संमत झाला. पंतप्रधान पामर्स्टन यांनी पार्लमेंट विसर्जित केले. निवडणुकीत मतदारांनी पामर्स्टन यांनाच कौल दिला. कॉब्डेन स्वतः पराभूत झाले आणि चीनमधील युद्ध चालूच राहिले.

१८५९ साली पामर्स्टन यांनी देऊ केलेले मंत्रिपद त्यांनी नाकारले. मात्र १८६० चा फ्रान्सबरोबरचा व्यापारी करार घडवून आणला. २ एप्रिल १८६५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांना एकही युद्ध थांबविता आले नाही. तथापि राज्यकर्त्यांनी सांगितलेले युद्धाचे कारण त्यांच्याच दप्तरातील कागदांशी ताडून पाहावे, हा प्रघात त्यांनी निष्ठेने पाळला व त्याची किंमतही मोजली.