वायूंचा वेग मोजणारे थॉमस ग्रॅहम

मातीच्या कोऱ्या मडक्यांत पाणी भरलें, कीं तें बाहेरून ओलसर होतें, हें आपट्याच्या प्रत्येक घरीं ठाऊक आहे. मडक्यास डोळ्यांना न दिसणारीं बारीक छिद्रें असतात. अशा छिद्रांतून निरनिराळे वायु किती वेगानें जातात, ह्याचा नियम ज्यांनीं शोधून काढिला, त्या थॉमस ग्रॅहम ह्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

ग्रॅहम ह्यांचा जन्म इ. स. १८०५ च्या डिसेंबरांत स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं झाला. वडील कापडाचे सधन कारखानदार होते. मुलानें स्कॉटिश मंडळीचा पाळक व्हावें, अशी त्यांची फार इच्छा. परंतु इ. स. १८१९ त विश्वविद्यालयांत गेलेल्या थॉमसचें मन रसायनशास्त्रानें ओढून घेतलें. बापलेकांत वितुष्ट आलें. आईनें मात्र मुलास धीर दिला.

इ. स. १८३० त ते ग्लासगोच्या अँडर्सन विद्यालयांत प्रोफेसर झाले. त्यांचें उपकरण अगदीं साधें होतें. कांचेच्या नळीचें एक तोंड प्लास्टर ऑफ पॅरिसच्या सच्छिद्र बुचानें बंद करून, नळींत वायु भरून, दुसरें तोंड त्यांनीं पाण्यांत बुडविलें. हायड्रोजन बाहेर जाई, हवा आंत येई. पण हायड्रोजन अधिक त्वरेनें निघून गेल्यामुळें पाणी नळींत वर चढे. अशा मोजमापांवरून त्यांनीं ठरविलें, कीं वायूचा वेग त्याच्या घनतेच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणांत असतो. ऑक्सिजन हायड्रोजनच्या १६ पट जड. म्हणून हायड्रोजन त्याच्या ४ पट वेगानें जातो.

पुढें इ. स. १८३७ त ते लंडनास प्रोफेसर झाले व इ. स. १८५५ पासून सरकारी टांकसाळीचे प्रमुख होते. इ. स. १८६१ त त्यांनीं पातळ पडद्यांतून द्रवांतील पदार्थ वेगळे करण्याची रीति प्रसिद्ध केली. मूत्रपिंडाच्या रोग्यांचें रक्त शुद्ध करणारीं आजचीं यंत्रें त्याच तत्त्वावर चालतात. ता. १६ सप्टेंबर १८६९ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

जमिनीसही मडक्याप्रमाणें छिद्रें आहेत. त्यांतूनच मुळांना ऑक्सिजन मिळतो. खाचरांत पाणी सांचलें, कीं हा मार्ग जवळजवळ बंद होतो, कारण ऑक्सिजन हवेपेक्षां पाण्यांतून सुमारें १०,००० पट सावकाश पसरतो. भाताचें रोप अंगांतील पोकळ्यांतून मुळांस हवा पोंचवितें. वालास तें साधत नाहीं, म्हणून तो पाणी ओसरल्यावरच पेरितात.

विद्यार्थ्यांनो, मोठ्या शोधास मोठें उपकरण लागतेंच असें नाहीं. आणि पालकांस आमची नम्र विनंती, कीं मुलाचा मार्ग ठरविण्यापूर्वीं त्याच्या मनाचा ओढा कोणीकडे आहे, हें एकवार अवश्य पाहावें.