शोधानंतरची परीक्षा

केशव देव मालवीय यांचे नाव निघाले की खंबायत, अंकलेश्वर आणि तेल व नैसर्गिक वायू आयोग यांचा उल्लेख होतो. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध मला अधिक बोधप्रद वाटतो.

१९०४ मध्ये अलाहाबादेत जन्मलेल्या मालवीयांनी कानपूरच्या हारकोर्ट बटलर संस्थेत तेलतंत्रज्ञानाचे शिक्षण घेतले. स्वातंत्र्यलढ्यातून ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात पोहोचले. १९५५ मध्ये युरोपातील तेलउद्योग पाहण्यास गेलेल्या शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांनी केले. परकीय कंपन्यांच्या मर्जीवर विसंबण्यापेक्षा सोव्हिएत तज्ज्ञांच्या साह्याने स्वतःच भूगर्भ तपासावा, हा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी आयोग स्थापन झाला. १९५८ मध्ये खंबायतला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. मात्र १९६३ मध्ये एका खाणमालकाकडून निवडणुकीसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. त्यांच्या चरित्रातील हा डाग झाकण्याचे कारण नाही.

त्यांनी उभारलेली संस्था मात्र थांबली नाही. १९६४ ते १९६७ या काळात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजावरून भूकंपलहरींद्वारे खंबायतच्या आखाताचे सर्वेक्षण झाले आणि मुंबईच्या वायव्येस, सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखालचा उंचवटा नकाशावर आला. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने तेथे तेल शोधले. त्याच वर्षी मालवीय पुन्हा पेट्रोलियममंत्री झाले. शोधाचा जल्लोष ओसरला होता. परीक्षा पुढे होती.

पहिली विहीर एका बिंदूवर तेल असल्याचे सांगते. ते किती दूरवर पसरले आहे, थर किती जाड, तेलाखाली पाणी कोठे सुरू होते, वर वायू किती, हे मूल्यमापन विहिरींतूनच कळते. त्यासाठी सुमारे ७५ मीटर खोल पाण्यात तळाशी पाय टेकून रिग उभी करायची, मग ती उचलून नव्या जागी न्यायची. रिग हलवण्यासाठी समुद्र शांत हवा. पावसाळ्यात तो तसा नसतो. चुनखडीच्या भेगांत विहिरीचा चिखल मुरून गेला, तर दाबावरचे नियंत्रण सुटण्याचा धोका. माणसे, सिमेंट, पोलादी नळ्या, सारे काही किनाऱ्यावरून आणायचे. आणि एवढे करून विहीर कोरडी निघाली, तरी क्षेत्राची सीमा दाखवणारी तीही उपयुक्तच.

या परीक्षेतून मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. शोधापासून जेमतेम सव्वादोन वर्षांत! दुसऱ्या वर्षी सरकार गेले आणि १९८१ मध्ये मालवीयांचे निधन झाले.

मी हे जबलपूरलगतच्या पनागरमधून लिहितो आहे. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. पण मटार बाजारात नेणाऱ्या ट्रकचे भाडे डिझेलवरच ठरते. १९७३ च्या अखेरीस जगात तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले, तेव्हा त्याची झळ अशा गावांनाही बसली. आज आपण गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. अशा वेळी कोरड्या विहिरीला उधळपट्टी ठरवणारी लेखापरीक्षेची दृष्टी आपल्याला परवडणारी नाही. हिशेब चोख हवाच, पण तो एकेका विहिरीचा नव्हे, संपूर्ण शोधकार्यक्रमाचा मागायला हवा. मालवीयांच्या कारकिर्दीतून धोरणकर्त्यांनी घ्यावा असा धडा माझ्या मते हाच आहे.