खंजिरीच्या नादाने गाव जागविणारे संत : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज

विदर्भ ही संतांची भूमी आहे. रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभू, माधानला श्रीगुलाबराव महाराज, शेगावला श्रीगजानन महाराज आणि हातात खराटा घेऊन गावोगाव फिरणारे श्रीगाडगेबाबा अशी थोर परंपरा या भूमीला लाभली. याच मालिकेत वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराज होऊन गेले. विद्या नाही, धन नाही, मागे राजाश्रय नाही. जवळ होती फक्त एक खंजिरी आणि गोड, पहाडी आवाज. एवढ्या भांडवलावर त्यांनी लाखो माणसे जमविली, आणि जमलेल्या माणसांना घरी रिकाम्या हाताने जाऊ दिले नाही. गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित ठरेल.

आपला भंडारा जिल्हा हा धानाचा, तलावांचा आणि वैनगंगेचा प्रदेश. येथील माणूस कष्टाळू तसाच कलेचा भोक्ता. रोवणी करताना बायांच्या तोंडी गाणी असतात. दिवाळी आटोपली की गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर दंडार व खडी गंमत रंगते. शास्त्रीय संगीताच्या बैठकी शहरांत होत. खेड्यातील माणसाला सूर आणि ताल मिळाला तो दंडारीतून व मंदिरातील भजनातून. गावचे भजनी मंडळ हीच त्याची संगीतशाळा. या शाळेला ज्यांनी नवे वळण दिले त्यांत तुकडोजी महाराजांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव माणिक. वडील बंडोजी इंगळे शिवणकाम करून पोट भरीत. आईचे नाव मंजुळा. घरची अत्यंत गरिबी. शिक्षण मराठी तिसरीपर्यंतच झाले. शाळेत माणिकचे मन रमेना. ते रमे मंदिरात, नदीकाठी आणि भजनात. टाळांचा आवाज कानी पडला की पोर घरातून निघालेच समजावे. आईला काळजी वाटे. असे पोर पुढे काय करून खाणार, ही चिंता कोणत्याही गरीब आईला वाटावी अशीच होती.

आजोळी वरखेडला श्रीआडकोजी महाराज हे सिद्ध पुरुष राहत होते. बाल माणिक त्यांच्या सहवासात आला आणि त्यांचाच झाला. तुकड्या हे नाव त्याला गुरूंनीच दिले. पुढे महाराजांनी हजारो भजने रचली, त्यांत अखेरपर्यंत आपली नाममुद्रा तुकड्यादास अशीच ठेवली. लोकांनी आदराने जी व महाराज ही पदे जोडली. त्यांनी स्वतः मात्र भाकरीच्या तुकड्याची आठवण करून देणारे ते साधे नाव कधी टाकले नाही.

१९२१ मध्ये आडकोजी महाराजांनी देह ठेवला. तेव्हा माणिकचे वय अवघे बारा वर्षांचे होते. गुरूंचे छत्र गेले आणि मुलाचे मन संसारातून उडाले. पुढे त्यांनी घर सोडले. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा रानावनांतून व गुहांतून त्यांनी साधना केली. आपल्या झाडीपट्टीलगतचे जंगल त्यांनी पायी तुडविले आहे. चिमूर तालुक्यातील गोंदोड्याची गुहा आजही त्यांची तपोभूमी म्हणून ओळखली जाते. या भटकंतीत त्यांनी खेडे जवळून पाहिले. दारूने बुडालेली घरे, सावकाराच्या कर्जात गेलेली शेते, पाणवठ्यावरील शिवाशिव आणि देवाच्या नावावर होणारी लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. एकट्याने मोक्ष मिळवावा की या लोकांत परत जावे, असा प्रश्न त्या तरुण साधकापुढे उभा राहिला असला पाहिजे. ते परत आले, आणि येताना हाती खंजिरी घेऊन आले.

खंजिरी हे वाद्य आपल्या भागात सर्वांच्या परिचयाचे आहे. लाकडी कडे, एका बाजूला ताणून बसविलेले चामडे आणि कड्यात बसविलेल्या छोट्या झांजा, एवढाच त्याचा थाट. डाव्या हाताने धरावे आणि उजव्या हाताच्या बोटांनी वाजवावे. पावसाळ्यात चामडे सैल पडले की विस्तवाजवळ धरून शेकावे लागते. पखवाज-तबल्याच्या मानाने हे वाद्य लहान, स्वस्त आणि खांद्यावरच्या झोळीत मावणारे. महाराजांच्या हाती मात्र या लहानशा वाद्याला मोठे तेज आले. ते स्वतःच भजन रचीत, स्वतःच चाल लावीत, स्वतःच गात आणि स्वतःच खंजिरीचा ठेका धरीत. मराठीत अभंग व ओवी आणि हिंदीत पदे व भजने, दोन्ही त्यांना सारखीच साधली. लहर की बरखा हा त्यांचा हिंदी भजनांचा संग्रह प्रसिद्ध आहे. त्यांच्या चाली सोप्या असत. एकदा ऐकले की गुराख्यालाही म्हणता यावे, हा त्यांचा दंडक होता.

१९३५ मध्ये नागपूर-अमरावती मार्गावर मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामच्या आश्रमात सुमारे महिनाभर राहिले. महात्माजींचा मौनाचा दिवस असताना महाराजांचे भजन ऐकता ऐकता त्यांना मौनाचे भान राहिले नाही आणि त्यांनी भजन पुन्हा म्हणण्यास सांगितले, अशी आठवण जुनी माणसे सांगत आली आहेत. त्या मुक्कामानंतर ग्रामसेवा, सफाई आणि ग्रामोद्योग हे विषय महाराजांच्या भजनांत अधिक ठळकपणे येऊ लागले.

मग १९४२ साल उजाडले. ऑगस्ट महिन्यात देशभर चले जाव आंदोलनाचा वणवा पेटला. १६ ऑगस्ट रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे जनतेचा उद्रेक झाला. गोळीबार झाला, तरुण हुतात्मे झाले, पोलीस व सरकारी अधिकारीही मारले गेले. त्यानंतर गावकऱ्यांवर जे अत्याचार झाले त्यांची आठवण आजही अंगावर काटा आणते. या भागातील लोकांच्या मनात महाराजांच्या भजनांनी स्वातंत्र्याची ज्योत पेटविली आहे, हे सरकारने ओळखले होते. ज्याच्याजवळ ना बंदूक ना तलवार, त्या माणसाच्या खंजिरीची साम्राज्यसत्तेला धास्ती वाटली. ऑगस्टअखेर त्यांना चंद्रपूर येथे अटक झाली. आधी नागपूरच्या व नंतर रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले. डिसेंबरात त्यांची सुटका झाली. भजन म्हणजे म्हाताऱ्यांचा वेळ घालविण्याचा उद्योग, असे ज्यांना वाटत होते त्यांना या एका घटनेने उत्तर मिळाले.

तुरुंगातून आल्यावर महाराजांनी संघटनेचे काम जोमाने हाती घेतले. एक माणूस गाऊन गाऊन किती गावे गाणार? तो गेल्यावर गाव पुन्हा झोपी जाणार. म्हणून गावोगावी श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या शाखा निघाल्या. पहाटे सामुदायिक ध्यान, ग्रामसफाई आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना असा क्रम त्यांनी घालून दिला. प्रार्थनेला सर्वांनी एका रांगेत, शिस्तीने बसायचे. पाटलाने पुढे आणि मजुराने मागे असा भेद नाही. जात नाही, पंथ नाही, श्रीमंत-गरीब नाही. ज्या काळी अनेक मंदिरांच्या पायऱ्या काही बांधवांना बंद होत्या, त्या काळी एका रांगेत बसून एका सुरात गाणे ही सामान्य गोष्ट नव्हती. त्यासाठी गावोगावच्या सेवकांना टोमणे व विरोध सोसावा लागला. पण सूर एकदा जुळला की शेजारच्याची जात कोण विचारतो? संगीताचे हे सामर्थ्य महाराजांनी ओळखले होते.

१९५५ मध्ये त्यांचा ग्रामगीता हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे अध्याय ४१ आणि ओव्या ४६७५ आहेत. तिसरी शिकलेल्या माणसाने लिहिलेला हा ग्रंथ आज विद्यापीठांत अभ्यासला जातो. शेती, आरोग्य, शिक्षण, ग्रामोद्योग, महिलांची उन्नती, सण-उत्सव असे खेड्याच्या जीवनाचे एकही अंग त्यांनी सोडलेले नाही. विशेष म्हणजे त्यात ग्राममंदिर या विषयावर स्वतंत्र अध्याय आहे आणि भजनाच्या प्रभावावरही आहे. मंदिर हे सबंध गावाचे असावे, तेथे स्वच्छता, ज्ञान आणि सेवा यांचा वास असावा, असे त्यांचे मत होते. तसेच भजन हे केवळ कानाला गोड लागण्यासाठी नसून त्यातून व्यसने सुटावीत, भांडणे मिटावीत व माणूस कामाला लागावा, असा त्यांचा आग्रह होता. रात्री भजनात डोलणारा माणूस सकाळी शेजाऱ्याच्या बांधावर कुऱ्हाड घेऊन जात असेल तर त्या भजनाचा उपयोग काय, असा रोकडा विचार ते मांडीत.

त्याच १९५५ साली जपान येथे भरलेल्या विश्वधर्म परिषदेस महाराज उपस्थित राहिले. विदर्भातील खेड्यातली खंजिरी सातासमुद्रापार वाजली. भाषा न समजणारे लोकही त्या नादाने भारावून गेले. भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांचा राष्ट्रसंत म्हणून गौरव केला. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भारत साधु समाजाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. आचार्य विनोबा भावे यांच्या भूदान कार्यालाही त्यांनी साथ दिली. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले आणि १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले, तेव्हा सीमेवर जाऊन त्यांनी जवानांना भजने ऐकविली. एवढा मान मिळूनही राहणी बदलली नाही. राष्ट्रपती भवनात जी खंजिरी, तीच एखाद्या खेड्यातील शेणाने सारविलेल्या अंगणात.

अखेरच्या काळात त्यांना कर्करोगाने ग्रासले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंज आश्रमात त्यांनी देह ठेवला. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात नेमक्या त्या क्षणी गुरुकुंजात लाखो लोक स्तब्ध उभे राहून मौन श्रद्धांजली अर्पण करतात. ज्याने जन्मभर नादाने माणसे जमविली, त्याला लोक शांततेने वंदन करतात. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठास राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचे नाव देण्यात आले. शाळेत न रमलेल्या एका गरीब मुलाचे नाव आता हजारो पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर छापलेले असते.

महाराजांच्या मागे त्यांची खंजिरी थांबली नाही. विदर्भात गावोगावी खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात. पुरुषांबरोबर महिलांची भजनी मंडळेही त्यांत भाग घेतात. शेतावरून थकून आलेली माणसे हातपाय धुऊन प्रार्थनेला बसतात. आता मात्र काळ बदलला आहे. यंत्रातून पाहिजे ते गाणे, पाहिजे तेव्हा वाजते. त्यामुळे मंदिरात गाणे असते, पण गाणारे नसतात, अशी अवस्था अनेक गावांत दिसते. यंत्र गाते तेव्हा माणसे जमत नाहीत. माणूस गातो तेव्हा जमतात. महाराजांच्या जीवनाचा सारा बोध या एका गोष्टीत साठविलेला आहे.

कोणी धान दिले, कोणी रोख वर्गणी दिली, कोणी विटा-रेती आणली, तर ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्याने श्रमदान केले. अशा सर्वांच्या हातभारातून मंदिराचा जीर्णोद्धार होत असतो. भिंती पक्क्या झाल्या, कळस चढला, फरशी बसली. परंतु महाराजांच्या दृष्टीने जीर्णोद्धार येथे संपत नाही, येथून सुरू होतो. या नव्या सभामंडपात रोज सायंकाळी गावचे लहानथोर, सर्व जातींचे, स्त्री-पुरुष एका रांगेत बसले, म्हाताऱ्यांनी पोरांच्या हाती खंजिरी दिली, ठेका शिकविला, आणि भजन आटोपल्यावर गावच्या चार कामांचा विचार झाला, तर दात्यांच्या दानाचे चीज होईल. वर्गणीच्या पावतीवर नाव सर्वांचे येत नाही. सुरात मात्र प्रत्येकाचा आवाज मिळू शकतो. हा मान गावातील प्रत्येकास मिळावा, हीच राष्ट्रसंतांना खरी आदरांजली ठरेल.

जय गुरुदेव.